एक वेबसाइट, दहा ब्राउझर: टेस्टिंगच्या टूल्सची गोष्ट

परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताय, शेवटची तारीख आजच आहे, आणि 'सबमिट'चं बटण दिसतच नाहीये. मग ग्रुपवर कुणीतरी सांगतं, "अरे, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघ." तुम्ही बघता आणि खरंच बटण दिसतं! साइट तीच, फोन तोच, इंटरनेटही तेच. मग बदललं काय? आजच्या भागात याच भानगडीचा इतिहास आहे. आणि हो, त्यातलं एक मोठं प्रकरण थेट मुंबईत घडलंय.

आधी थोडं मुळाशी जाऊ. वेबसाइट म्हणजे काही तयार चित्र नसतं. सर्व्हरकडून येतात त्या फक्त सूचना: हे शीर्षक, हा चौकोन, हा रंग, बटण दाबलं की हे कर. त्या वाचून पान रंगवायचं काम ब्राउझरचं. एकाच चिठ्ठीवरून दोन घरांत पिठलं केलं तर चव सारखी येईल का? तसंच हे.

१९९४च्या डिसेंबरमध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि १९९५च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर. दोघांची अशी जुंपली की दर आवृत्तीत प्रत्येक जण स्वतःच्या मनाने नवीन सोयी घालायला लागला. काही साइट्स तर ब्राउझरचं नाव विचारूनच चांगलं पान द्यायच्या. नेटस्केपचं आतलं नाव 'मोझिला' होतं, म्हणून एक्सप्लोररनेही स्वतःची ओळख 'मोझिला' अशी सांगायला सुरुवात केली. हे सोंग इतकं टिकलं की आजचा क्रोमसुद्धा सर्व्हरला आधी 'मोझिला'च म्हणून नमस्कार करतो!

आता एक हिशोब बघा. चौकोनाची रुंदी २०० पिक्सेल, आत दोन्ही बाजूंना २०-२० मोकळी जागा आणि ५-५ची किनार. नियमाप्रमाणे एकूण रुंदी झाली २५०. पण विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ सगळं त्या २००मध्येच कोंबायचा. म्हणजे एका ब्राउझरमध्ये नीट बसलेलं पान दुसऱ्यात विस्कटलंच. यावर टँटेक चेलिक नावाच्या माणसाने एक युक्ती काढली. सूचना अशा लिहायच्या की एक्सप्लोररचा गोंधळ उडून तो अर्ध्यातच थांबेल आणि चांगले ब्राउझर पुढची खरी रुंदी वाचतील. गंमत म्हणजे चेलिक तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्येच, मॅकसाठीच्या एक्सप्लोररवर काम करत होता. घरच्याच माणसाने घरच्याच ब्राउझरला शेंडी लावायचा मार्ग शोधला.

२००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला आणि पुढची काही वर्षं जवळपास सगळं मैदान त्याचंच होतं. तेव्हा अनेकांचं टेस्टिंग म्हणजे काय, तर एक्सप्लोररमध्ये चालतंय ना? मग झालं. आपल्याकडच्या सरकारी साइट्सच्या तळाशी 'एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसेल' अशी ओळ असायची. पण त्या ओळीचा अर्थ काय, तर तुमच्याकडे दुसरं काही असेल तर तो तुमचा प्रश्न. मराठीला त्याचा फटका जास्त बसला. युनिकोड रुळायच्या आधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स आपापले खास फॉन्ट वापरायच्या, आणि फॉन्ट आपोआप उतरवून घेणारं मायक्रोसॉफ्टचं तंत्र फक्त एक्सप्लोररमध्ये चालायचं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच बातमी उघडली तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला! सर्चमध्येही ती बातमी मराठीत सापडायची नाही, कारण आत मराठी नव्हतंच, मराठीसारखं दिसणारं चित्रलेखन होतं.

या एकाधिकाराविरुद्ध लढणाऱ्यांमध्ये १९९८ला स्थापन झालेला वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट हा गट होता. त्यांनी एप्रिल २००५ मध्ये 'ॲसिड टू' नावाची चाचणी आणली. एक पान उघडायचं. ब्राउझर नियम नीट पाळत असेल तर पिवळा हसरा चेहरा दिसणार. नसेल तर त्या चेहऱ्याचा चेंदामेंदा. मला ही कल्पना फार आवडते, कारण आतलं तांत्रिक काही कळत नसलं तरी कोण पास आणि कोण नापास हे शाळकरी पोरालाही दिसायचं. सफारीच्या टीमने काही आठवड्यांतच चेहरा नीट आणून दाखवला. मायक्रोसॉफ्टला मात्र इंटरनेट एक्सप्लोरर ८ची वाट बघावी लागली.

पण ही झाली ब्राउझरची परीक्षा. साइट बनवणाऱ्याचं काय? एका विंडोजवर सरळ मार्गाने एक्सप्लोररची एकच आवृत्ती बसायची. सहा आणि सात दोन्ही तपासायचे तर दोन कॉम्प्युटर हवेत. शेवटी २००६च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनेच एक्सप्लोरर ६ असलेला आभासी कॉम्प्युटर फुकट द्यायला सुरुवात केली, तोही ठरावीक मुदतीनंतर बंद पडणारा. त्याच सुमारास 'ब्राउझरशॉट्स' ही सेवा होती. पत्ता टाकायचा, जगभरातले स्वयंसेवक आपापल्या कॉम्प्युटरवर तुमचं पान उघडणार आणि फोटो पाठवणार. रांगेत थांबावं लागायचं, पण फुकट होतं! अडचण एकच: फोटोतलं बटण दाबता येत नाही.

बटण दाबायचा प्रश्न सोडवला सेलेनियमने. २००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स कंपनीतल्या जेसन हगिन्सने कंपनीच्या खर्च आणि कामाच्या तासांची नोंद ठेवणाऱ्या ॲप्लिकेशनसाठी हे टूल लिहिलं. तीच तीच क्लिक रोज हाताने करायचा कंटाळा, दुसरं काय? तेव्हा टेस्टिंगच्या धंद्यात मर्क्युरी नावाची बडी कंपनी होती. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असा हा विनोद. पण सुरुवातीचं सेलेनियम पानाच्या आतच जावास्क्रिप्ट घुसवून काम करायचं, आणि ब्राउझरच्या सुरक्षेचे नियम त्याला आडवे यायचे. पुढे सायमन स्टुअर्टने 'वेबड्रायव्हर' बनवला. त्याने पानात शिरण्याऐवजी ब्राउझरलाच बाहेरून हुकूम सोडले. २०११ मध्ये दोन्ही एकत्र झाले, आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हा अधिकृत मानक ठरला. म्हणजे बघा, पंधराएक वर्षांपूर्वी एकमेकांशी जुळवून न घेणारे ब्राउझर आता एकाच भाषेत हुकूम घ्यायला तयार झाले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी जीत हीच.

आता मुंबई. २०११ मध्ये आयआयटी मुंबईत शिकलेले रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केलं. कल्पना ऐकायला साधी: वेगवेगळ्या ब्राउझरचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो, त्यांची स्क्रीन तुमच्या ब्राउझरमध्ये दाखवतो, तुम्ही इथून क्लिक करा. म्हणजे लॅपटॉप एकच, आणि त्यात जुना एक्सप्लोररही हजर, मॅकवरचा सफारीही. बरीच वर्षं त्यांनी बाहेरचा मोठा पैसा न घेता धंदा चालवला. २०१८ला पहिली मोठी गुंतवणूक आली आणि जून २०२१ मध्ये कंपनीची किंमत ४ अब्ज डॉलर धरली गेली. सगळं गोडगोड नव्हतं हं. नोव्हेंबर २०१४ मध्ये एक जुना, विसरलेला, अपडेट न केलेला सर्व्हर हॅकरच्या हाती लागला आणि ग्राहकांना खोटे ईमेल गेले. नंतर कंपनीने काय घडलं ते सविस्तर लिहून जाहीर केलं. दुसऱ्यांच्या साइट्समधली भोकं शोधायला मदत करणाऱ्यांच्या घराचं मागचं दार उघडं राहिलं होतं!

तोवर खेळ फोनवर सरकला होता. डझनावारी कंपन्या, शेकडो मॉडेलं, प्रत्येकाची स्क्रीन वेगळी. कॉम्प्युटरवर फोनची नक्कल करून भागेना. म्हणून डेटा सेंटरमध्ये खरेखुरे फोन मांडून ते इंटरनेटवरून भाड्याने द्यायची पद्धत आली.

आणि मराठीचं काय? सुरुवातीच्या कित्येक फोनवर देवनागरी नीट दिसतच नव्हती. अक्षरांच्या जागी चौकोन यायचे, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची सोडून नंतर. तेव्हा ऑपेरा मिनीच्या लपलेल्या सेटिंग्जमध्ये एक पर्याय होता. तो चालू केला की सर्व्हर मजकुराचं चित्र करून पाठवायचा आणि साध्यातल्या साध्या फोनवरही मराठी वाचता यायचं. ही खुबी लोकांनी एकमेकांना सांगत सांगत पसरवली.

आज चित्र उलटं आहे. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा क्रोमच्याच इंजिनवर आला, आणि १५ जून २०२२ला इंटरनेट एक्सप्लोररचा कारभार आटोपला. त्यामुळे पुन्हा तीच सवय डोकं वर काढतेय: क्रोममध्ये चाललं ना? मग झालं. त्यावर उपाय म्हणून २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला वगैरे मंडळी दरवर्षी काही ठरावीक गोष्टी निवडतात आणि प्रत्येक ब्राउझर त्यात किती पास होतो ते गुणांसकट सगळ्यांसमोर ठेवतात.

एक गोष्ट मात्र या टूल्सना अजून जड जाते. दोन फोटोंमधला पिक्सेलचा फरक ती झटकन पकडतात. पण कालच्या फोटोतच 'प्र'चा रकार तुटलेला असेल आणि आजच्यातही तसाच तुटलेला असेल, तर टूल म्हणणार: काहीच बदललं नाही, पास. ते तुटलेलं आहे हे कळायला मराठी वाचणारा माणूस लागतो, आणि टेस्टिंगच्या टीममध्ये तो असेलच असं नाही. तेव्हा एखाद्या साइटवर अशी मोडकी जोडाक्षरं दिसली तर स्क्रीनशॉट काढा, फोनचं मॉडेल आणि ब्राउझरची आवृत्ती लिहा आणि त्यांच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवून द्या.