क्षय गेला, तोल घेऊन गेला

माझे आजोबा रात्री घरात भिंतीला हात लावून चालत. दिवसा अगदी ठणठणीत, पण दिवे गेले की दोन पावले टाकणे कठीण! १९५५ साली, पंचविशीत, त्यांना क्षय झाला होता. सॅनेटोरियममध्ये त्यांनी कित्येक महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली. मध्येच घेरी येऊ लागली. सांगितले तर "अशक्तपणा आहे" असे उत्तर मिळाले. "क्षय गेला, तोल घेऊन गेला," असे ते हसत म्हणत.

पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आलो आणि कळले की ते औषध आमच्या घरापासून वीस मिनिटांवर जन्मले! रटगर्स विद्यापीठात प्रा. सेल्मन वॅक्समन मातीतल्या सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करीत. त्यांचा २३ वर्षांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला ऑक्टोबर १९४३ मध्ये, तळघरातल्या प्रयोगशाळेत, हे औषध तयार करणारा जंतू सापडला. त्याचा एक वाण खत घातलेल्या शेताच्या मातीतला, दुसरा कोंबडीच्या घशातला. पेनिसिलिन ज्या क्षयापुढे हतबल होते, त्याच्यावर हे चालले. १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शॅट्झने १९५० मध्ये कोर्टात धाव घेतली होती. तडजोडीत सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीतला वाटा मिळाला. पीएच.डी. केलेल्या कोणालाही ही कथा वाचताना आपले जुने दिवस आठवतील!

युद्धानंतर ब्रिटनकडे हे औषध फारच थोडे होते. सर्वांना पुरणार नव्हतेच. तेव्हा १९४७ मध्ये १०७ रुग्णांची विभागणी यादृच्छिक आकड्यांनी, बंद पाकिटांतून केली गेली. सहा महिन्यांत नुसत्या विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४ जण दगावले. औषध मिळालेल्या ५५ पैकी फक्त ४. आधुनिक औषध-चाचण्यांचा पाया इथेच पक्का झाला. पण अनेकांना घेरीही आली, आणि काही महिन्यांत जंतू औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून पुढे पीएएस आणि १९५२ पासून आयसोनियाझिड यांची जोड देण्यात आली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनेही पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनवले.

घेरी का येते? हे औषध जंतूच्या पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे रायबोसोममध्ये, बिघाड करते. चुकीची प्रथिने तयार होतात आणि जंतू मरतो. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रोग्रॅम बरोबर, पण वाचणाराच चुकतो! दुर्दैवाने आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाची यंत्रणा जंतूंच्या यंत्रणेशी मिळतीजुळती असते. आतल्या कानातल्या केसासारख्या नाजूक पेशी या औषधाने मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग तोल सांभाळायला डोळेच उरतात; अंधार झाला की तेही नाहीत. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते कमजोर असेल तर शरीरात साठत जाते. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो. त्यांना थोड्याशा मात्रेनेही बहिरेपण येऊ शकते, हे १९९३ मध्ये उमगले.

याच कुळातले जेंटामायसिन १९६३ साली आले आणि गंभीर संसर्गात आजही वापरले जाते. दोन वर्षांपूर्वी वडील इथे आले असताना त्यांना ते द्यावे लागले. डॉक्टरांनी आधी मूत्रपिंडाची तपासणी केली, औषधाची रक्तातली पातळी मोजली आणि घरात कुणाला औषधाने बहिरेपण आले होते का, हेही विचारले. रोज सकाळी नर्स विचारायची, "घेरी येते का? कानात आवाज येतो का?"

आपलेही आईवडील इथे येतात, आजारी पडतात. कुणी विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे. माझ्या आजोबांनी सांगितले होते. ऐकणारा मात्र मिळाला नाही.