बाळसे आणि लठ्ठपणा

लहान मुलाच्या अंगावरील मांसासाठी मराठीला आधी कौतुकाचेच शब्द सुचतात: बाळसे, गुटगुटीत, खात्यापित्या घरचा. चरकसंहितेने अतिस्थूलास आठ निंदितांत गणले. पण लोकभाषेने ती निंदा पाळण्यापर्यंत पोचू दिली नाही. १८७६-७८ आणि १९७२ चे दुष्काळ ज्या मुलुखाने सोसले, तेथे बाळसे म्हणजे मूल जगेल याची खूण होती. लठ्ठ मुलाच्या आईला सरसकट दोष देणाऱ्यांनी हा शब्देतिहास आधी वाचावा, असे आम्हांस वाटते.

उरणचेच पाहा. मिठागरे, खारजमिनीतील भातशेती, करंजा-मोऱ्याची मासेमारी ही सारी अंग मोडून करायची कामे. खाल्लेले अन्न अंगावर राहण्यास तेथे फारशी सवड नव्हती. १९७० नंतर नवी मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मोबदल्याचे दर इतिहासात नोंदले गेले; शेत गेल्यावर अंगमेहनतही गेली आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला, ही गोष्ट कोणत्या दप्तरात नोंदवणार? कंटेनरच्या रहदारीच्या रस्त्यावर मुलांनी खेळावे तरी कोठे?

या प्रश्नाची दुसरी बाजू पुण्याजवळच्या खेड्यांत उलगडली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळाचे सुमारे ३.५ किलो. आपल्या बाळाचे स्नायू कमी भरले, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त! आईच्या, कदाचित आजीच्याही कुपोषणाचा हा वारसा असावा, असे या संशोधनाचे प्रतिपादन आहे. अशा देहाला पुढे मुबलक अन्न मिळाले की मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणजे उपासमार आणि लठ्ठपणा ही एकाच कुळाची कथा ठरते. मुलाला ‘आळशी’, ‘खादाड’ म्हणणारे वर्गातले हसू (आणि शिक्षकांचेही) म्हणूनच आम्हांस अडाणीपणाचे वाटते. नातवाच्या पानात आणखी एक भाकरी वाढणारी आजी आपल्या काळातील भुकेला उत्तर देत असते. तिला उष्मांकांचा तक्ता दाखवून भागणार नाही; तिच्याशी तिच्या भाषेत, बाळसे आणि मेद यांतला फरक सांगत बोलावे लागेल. ‘सुदृढ बालक’ स्पर्धेच्या वजनकाट्यावर तो फरक दिसत नाही.