शब्दवेध : क्रांती

क्रांती म्हटलं की आपल्याला मोर्चे आणि मशाली आठवतात. खगोलगणितात मात्र ती एक मोजणी आहे: तारा खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला वा दक्षिणेला जितके अंश, तितकी त्याची क्रांती. मूळ धातू ‘क्रम्’, पाऊल टाकणे. पराक्रम, विक्रम त्यातलेच. आपली संक्रांतही; सूर्याचं पुढच्या राशीत पडलेलं पाऊल. किती देखणा शब्द! सूर्याची क्रांती जास्तीत जास्त साडेतेवीस अंश. तिथून तो माघारी वळतो. पण विषुववृत्ताची रेघच ताऱ्यांमधून सरकते. ती रेघ सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे जातो. म्हणून १९९८पासून खगोलशास्त्रज्ञांनी मोजणीची चौकट क्वेसारांना, म्हणजे दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांना, बांधली. ते इतके दूर, की जवळजवळ हलताना दिसत नाहीत.