अंगोलाची शेती आणि नऊ फुटांची कोठडी

जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली निघाले. आपल्यापैकी पुष्कळांनी ते वाचले असेल, शाळेत शिकवलेही असेल. पण त्याच्या अर्पणपत्रिकेपाशी आपण क्वचितच थांबतो. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मोकळे केले, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केले आहे. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या माणसाचे दुःख त्यांनी आपल्या दुःखाशेजारी ठेवले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्याआधी आठ वर्षे, १८६५ साली, अमेरिकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली होती. गुलामगिरी बंद! पण त्या दुरुस्तीतच एक छोटे पोटवाक्य होते. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला शिक्षा म्हणून सक्तीने राबवायला मात्र मोकळीक राहिली. एवढ्याशा फटीतून काय काय आत शिरले, ते एका शेतीच्या गोष्टीवरून मी आज सांगणार आहे.

लुइझियाना हे तिकडचे दक्षिणेकडचे राज्य. तिथे मिसिसिपी नदी एक मोठे वळण घेते आणि त्या वळणात, तिन्ही बाजूंना पाणी, अशी अठरा हजार एकरांची जमीन आहे. तिचे नाव अंगोला. तिथले गुलाम आफ्रिकेतल्या ज्या मुलखातून आणले असे सांगत, त्याच मुलखाचे हे नाव. गुलामी उठली, पण कापूस वेचायला आणि ऊस तोडायला माणसे तर हवीतच. मग कायदे असे झाले की, काम नसलेला काळा माणूस रस्त्यावर दिसला की भटक्या म्हणून धरावा, किरकोळ चोरीला लांबलचक शिक्षा द्यावी. तुरुंग भरले. भरलेला तुरुंग सरकार मक्त्याने देऊ लागले. सॅम्युएल जेम्स नावाच्या मेजराने लुइझियानातल्या कैद्यांचा मक्ता घेतला आणि १८८० साली अंगोलाची ही जमीनही विकत घेतली. कैदी कुठे ठेवले? पूर्वी गुलाम राहत त्याच खोपटांत.

यात एक हिशेब आहे, तो समजून घ्या. गुलाम हा धन्याने पैसे देऊन घेतलेला असे. तो मेला तर धन्याचे नुकसान होई. मक्त्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. म्हणून त्याचे हाल गुलामाहूनही वाईट झाले. १९०१ साली सरकारने तुरुंग पुन्हा आपल्या हाती घेतला, तरी शेती आणि राबणूक चालूच राहिली. मारहाणीला कंटाळून १९५१ साली तिथल्या तिसांहून अधिक कैद्यांनी स्वतःच्या टाचांच्या शिरा कापून घेतल्या. पाय चालेनासे झाले म्हणजे तरी शेतावर नेणार नाहीत! वऱ्हाड-खानदेशात कापूस वेचलेल्या माणसाला त्या कामाचे कष्ट मी सांगायला नकोत. पण पाठीशी घोड्यावर बंदूकवाला आणि मजुरी तासाला दोन सेंट, ही कल्पना करून पाहावी.

अशा या तुरुंगात १९६५ साली अल्बर्ट वुडफॉक्स नावाचा अठरा वर्षांचा पोर पहिल्यांदा आला. तो न्यू ऑर्लिन्स शहरातला. साधुपुरुष मुळीच नव्हे; चोऱ्यामाऱ्या केल्या, हे त्याने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच कबूल केले आहे. पुढे सशस्त्र दरोड्यासाठी पन्नास वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा तो पळाला आणि न्यूयॉर्कला पकडला गेला. तिथल्या तुरुंगात त्याला ब्लॅक पँथर पक्षाची माणसे भेटली. हा पक्ष १९६६ साली कॅलिफोर्नियात निघालेला. पोलिसी जुलमाला उघड तोंड देणारा आणि काळ्या वस्तीतल्या पोरांना सकाळची न्याहारी फुकट देणारा. १९७२ साली मुंबईत ज्या तरुणांनी दलित पँथर काढली, त्यांनी नाव घेतले ते याच पक्षाचे.

१९७१ साली वुडफॉक्स अंगोलाला परत आला तो बदलून. हर्मन वॉलेस या सोबत्याला घेऊन त्याने तुरुंगाच्या आतच पँथरची शाखा काढली. दांडगे कैदी नव्या पोरांना धरून त्यांची अब्रू घेत, त्यांची खरेदी-विक्रीसुद्धा करीत. तेव्हा ही मंडळी नव्या कैद्यांभोवती कडे करून उभी राहू लागली. कामाचे तास आणि काळ्या-गोऱ्यांची वेगळी व्यवस्था यांविरुद्धही त्यांनी आवाज उठवला. अधिकाऱ्यांना हे रुचणार नव्हतेच.

एप्रिल १९७२ मध्ये एका तरुण गोऱ्या पहारेकऱ्याचा भोसकून खून झाला. आळ वुडफॉक्स आणि वॉलेस यांच्यावर आला. जागेवर सापडलेला रक्ताचा ठसा दोघांपैकी कोणाचाच नव्हता. मुख्य साक्षीदार एक कैदी होता आणि साक्षीच्या बदल्यात त्याला सवलती मिळाल्याचे पुढे उघड झाले. तरीही गोऱ्या पंचांनी दोघांना दोषी ठरवले. रॉबर्ट किंग हा तिसरा. तो खुनाच्या वेळी अंगोलात नव्हताच. तरी त्यालाही एकांतकोठडीत टाकले आणि पुढे दुसऱ्याच एका खुनाचा गुन्हा त्याच्यावर लावला. मारल्या गेलेल्या पहारेकऱ्याच्या पत्नीलाही पुढे या निकालाबद्दल शंका वाटू लागली.

कोठडी नऊ फूट लांब, सहा फूट रुंद. दिवसातले तेवीस तास आत. गुरुजनहो, आपल्या वर्गातली एक सतरंजी अंथरून पाहा, म्हणजे अंदाज येईल. जेवणाचे ताट दाराखालून जमिनीवरून सरकवत. त्याविरुद्ध या मंडळींनी पंचेचाळीस दिवस उपास केला. अखेर दारांना ताट आत देण्यापुरती फट ठेवावी लागली. नागडे करून झडती घेण्याविरुद्ध ते कोर्टात गेले. आणि ते शिकले. कायद्याची पुस्तके, इतिहास, जे मिळेल ते. शेजारच्या कोठडीतल्यांना शिकवले. एक प्रौढ कैदी निरक्षर होता. शब्दकोश हाती देऊन वुडफॉक्सने त्याला वाचायला शिकवले. अडलास तर रात्री-अपरात्री हाक मार, असे त्याला सांगून ठेवले होते. आयुष्यातली आपली सर्वांत मोठी कमाई कोणती, असे विचारले की वुडफॉक्स ही गोष्ट सांगे. माझ्या मते त्यात विनयाचा भाग नव्हता. ते त्याला खरेच वाटत असले पाहिजे.

किंग २००१ साली सुटला. एकोणतीस वर्षे एकांतात काढून बाहेर आलेल्या या माणसाने मागे राहिलेल्या दोघांसाठी देशोदेशी भाषणे दिली. वॉलेसला १ ऑक्टोबर २०१३ रोजी सोडले, तेव्हा कर्करोगाने त्याला पोखरले होते. बाहेरची हवा त्याला तीन दिवस मिळाली. वुडफॉक्सची शिक्षा कोर्टाने पुनःपुन्हा रद्द केली आणि सरकारने दर वेळी नवा अडसर घातला. अखेर कमी आरोपांना हरकत न घेण्याची तडजोड करून तो सुटला, १९ फेब्रुवारी २०१६ रोजी, आपल्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी. ही तडजोड त्याला फार खुपली. निरपराध असून हे का पत्करायचे? पण वय झाले होते, आणि बाहेर येऊन बोलायचे होते. त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ एकांतकोठडी! पुढे त्याने आपली कहाणी पुस्तकरूपाने छापली, गावोगाव बोलला, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये वारला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते जुने पोटवाक्य काढण्यासाठी अमेरिकेत काही राज्यांनी मतदान घेतले. अलाबामा, टेनेसी, ऑरेगन, व्हरमाँट या राज्यांनी आपापल्या घटनांतून ते काढले. लुइझियानात मात्र ठरावाच्या शब्दरचनेवरच वाद झाला आणि तो पडला. अंगोलाच्या शेतावर कैदी त्यानंतरही कामाला जात राहिले.

वुडफॉक्स कोठडीत असताना त्याची आई वारली होती. तिच्या अंत्यविधीला त्याला जाऊ दिले नव्हते. सुटल्यावर तो तिच्या थडग्यावर गेला.