समोच्च रेषेचं माहेर

सह्याद्रीतली कुठलीही टोपोशीट, म्हणजे भूरूपाचा नकाशा, उघडली की आधी नजरेत भरतात त्या तपकिरी रेघा. कड्यापाशी त्या इतक्या दाटतात की एकच जाड दोरा वाटावा. ओढा आला की प्रत्येक रेघ टोक काढून त्याच्या उगमाकडे वळते. शाळेत यांना समोच्च रेषा म्हणतात आणि डोंगराशीच यांचं नातं लावतात. पण त्यांचं माहेर नदीच्या तळाशी आहे.

1584 मध्ये पीटर ब्रुइन्स या डच मोजणीदारानं स्पार्न नदीच्या नकाशात सात फूट खोलीची रेघ ओढली. पुढे 1730 च्या सुमारास क्रुकियस या दुसऱ्या डच मोजणीदारानं मेर्वेद नदीचा तळच अशा रेघांनी विणून काढला.

श्रेय मात्र बहुतेकदा चार्ल्स हटन या इंग्रज गणितज्ञाला जातं. पृथ्वीची घनता काढण्यासाठी 1774 मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराची मोजणी झाली. तिचा हिशेब करणाऱ्या हटनपुढे नुसता आकड्यांचा सडा पडलेला. त्यानं सारख्या उंचीचे बिंदू फिकट रेघेनं जोडले, आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. त्याला हे स्वतंत्रपणे सुचलं असेलही. तरी दोन शतकं आधी ही रेघ पाण्यातच का उगवावी? होडीतल्या माणसाला सपाटी आयती मिळते. शिसं बांधलेली दोरी सोडायची आणि खोली वाचायची, की झालं. डोंगरावर ती सपाटी मनानं कल्पावी लागते. म्हणजे हटननं नकळत डोंगर पाण्यात बुडवून पाहिला, असंच म्हणायला हवं.

 

मराठीला सपाटीचं पाण्याशी असलेलं हे नातं आधीच ठाऊक असावं. सपाटी तपासायच्या साधनाला आपल्याकडे नावच पाणसळ. ‘पातळी’ हा शब्दही ‘पातळ’ म्हणजे पाण्यासारख्या वाहत्या पदार्थावरून आला असावा, असं म्हणायचा मोह होतो. पण ‘पातळ’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘पत्रल’, पानासारखं विरळ, अशी लावतात. तेव्हा हा मोह जरा ताणलेलाच. पाणसळीला मात्र कुणाचा आक्षेप नसावा.

माळावर पाणी अडवायला एकाच उंचीवरून जाणारे सलग समतल चर खणायचे तर आजही दोन पट्ट्या आणि त्यांना बांधलेली पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. एक जण पट्टी धरून उभा राहतो, दुसरा वरखाली सरकतो. दोन्हीकडचं पाणी एकाच आकड्यावर थांबलं की तिथे फक्कीची खूण. पुढची खूण, मग पुढची. सगळ्या जोडल्या की टोपोशीटवरची तपकिरी रेघ पांढरी होऊन टेकडीवर उतरलेली असते.