पेठांची ईर्षा

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की आडनावाच्या आधी पेठ विचारतात. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, रविवार पेठ, जुना बुधवार, उत्तरेश्वर. पेठ कळली की पुढचा प्रश्न तालमीचा. आम्ही भोगावतीच्या काठावरची माणसं. आम्हाला पेठ नाही, पण शहराशी आमचं नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. गूळ यार्डात जायचा, दूध गंगावेशीत जायचं आणि लेकी पेठेत द्यायच्या. माझी आत्या मंगळवार पेठेत दिलेली. म्हणून ह्या पेठांचा फुटबॉल मी घरच्या माणसासारखा जवळून बघितला, पण बाहेरच्या माणसाच्या डोळ्यानं. त्याचीच ही हकिकत.

परगावच्या माणसाला एक गोष्ट नवल वाटते. इथल्या संघांची नावं ऐकली तर वाटतं ही कुस्त्यांची यादी आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी अशी नावं. पण गाभा तालमीचाच. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभं केलं, आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. तालीम म्हणजे नुसता हौदा नव्हे. तिथंच गणपती, तिथंच भांडणाचा निवाडा, कुणाच्या घरी मयत झालं तर तिथनंच माणसं निघणार. पुढं गोऱ्या साहेबांच्या काळात चेंडू आला तेव्हा पोरांनी त्याच्यासाठी वेगळं घर बांधलं नाही. लाल मातीत अंग घुसळून झालं की तीच पोरं लंगोट सोडून चेंडूमागं धावायला लागली. दुसरीकडं क्लब आधी निघतो आणि मग त्याला माणसं मिळतात. इथं माणसं आधीच एकत्र होती, चेंडू मागनं आला. ईर्षा तर त्याच्याही आधीपासनं होती.

१९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा आधार ह्या खेळाला पहिल्यापासून राहिला. संस्थान विलीन झालं, राजे गेले, पण पेठेचा चेंडू थांबला नाही. जागेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. कोल्हापूर हे मूळचं तळ्यांचं गाव. वरुणतीर्थाचं तळं बुजलं, त्याचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराचं तळं बुजवलं, तिथं शाहू स्टेडियम झालं. आम्हा शेतकऱ्यांना माहीत असतं, बुजवलेल्या तळ्याची जमीन पाऊस पडला की आपली जुनी ओळख सांगते. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साठलेलं बघितलं की मला तेच आठवतं.

मी १९७६ साली दहावी झालो आणि शेतीत पडलो. आमच्या गुऱ्हाळाचा हंगाम आणि तिकडचा सामन्यांचा हंगाम साधारण एकच, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. वडील गुळाचे रवे घेऊन यार्डात गेले की मी बरोबर. सौदा उरकला की त्यांना अडत्याच्या गादीवर बसवायचं आणि आपण स्टेडियम गाठायचं. तिकीट स्वस्त होतं. तरी निम्मी माणसं भिंतीवर आणि झाडावर असायची.

तेव्हाचे खेळाडू म्हणजे कोण? कुणी उद्यमनगरात लेथवर काम करणारा, कुणी फौंड्रीत, कुणी गवंडी, कुणी दुधाच्या घागरी वाहणारा. सकाळची पाळी करून दुपारी मैदानात. बूट वर्गणीतनं यायचे. पेठेतला एखादा गवळी खेळाडूच्या घरी रोज शेरभर दूध घालायचा आणि हिशेब मागायचा नाही. मी आत्याच्या यजमानांना एकदा विचारलं, "मामा, ह्यात त्याचा काय फायदा?" ते म्हणाले, "फायदा कसला? उद्या गोल झाला की दूध कुणाचं हे सगळ्या पेठंला ठावं असतंय न्हवं!" आमच्याकडं बैल पळवणाऱ्याला शेजारी पेंड घालतात, त्यातलीच ही गत.

सामन्याच्या दिवशी पेठेत दुपारपासनं कामं थंडावायची. आत्या दळण आदल्या दिवशीच आणून ठेवायची. निकाल ऐकायला स्टेडियमवर जायची गरज नव्हती. संध्याकाळी कुठल्या पेठेत मटणाच्या दुकानापुढं गर्दी आहे ते बघितलं की कळायचं. हरलेल्या पेठेत त्या रात्री आमटी-भाकरी, आणि कट्ट्यावर एकच विषय, तो गोल ऑफसाईड होता का नव्हता.

ह्याला कोल्हापूरकर ईर्षा म्हणतात. पुस्तकात ह्या शब्दाचा अर्थ मत्सर असा दिलेला असेल. आमच्याकडं तो अर्थ नाही. शेजारच्यानं एकरी पन्नास टन ऊस काढला म्हणून आपण साठ काढायचा, ही ईर्षा. शेजारच्याच्या उसाला काडी लावायची, ती खुन्नस. दोन्हीची सुरुवात एकाच बांधावर होते, म्हणून दोन्ही एकच आहेत असं नव्हे.

ईर्षेनंच हा खेळ जगला हे मान्य केलं पाहिजे. वरच्या गटात सोळा संघ, आणि एकाच शहराच्या पोटात. प्रत्येकाला शेजारच्या तालमीला हरवायचंय, म्हणून प्रत्येकानं आपली पोरं घडवली. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आमच्या गावातसुद्धा एकमेकांशी न बोलणारी पोरं त्या दिवशी एकाच टीव्हीपुढं मांडी घालून बसली होती.

पण खुन्नसही वाढत गेली. पैसा आला, मोठी बक्षिसं आली, बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आले. त्यात वाईट काही नाही, खेळ वेगवान झाला. बिघडलं ते गॅलरीत. आधी शिव्या, मग बाटल्या, मग दगड. सामने थांबले, पोलिसांच्या काठ्या चालल्या, दोन बाजूंचे प्रेक्षक वेगळे बसवावे लागले.

माझा पुतण्या सैन्यभरतीची तयारी करत होता. पहाटे चारला उठून पन्हाळ्याच्या रस्त्याला पळायचा. एका सामन्याला मित्रांबरोबर गेला. सामना संपून बाहेर पडताना रस्त्यावर दगडफेक सुरू झाली. हा मोटारसायकल काढत होता. डाव्या भुवईवर दगड बसला. सात टाके पडले. टाके सुकले, पण नजर अधू झाली ती झालीच. मैदानी चाचणीत तो पहिल्या दहांत आला आणि डोळ्याच्या तपासणीत घरी आला. आज ट्रॅक्टर चालवतो, चांगला चालवतो. पण पहाटे चारला अजून जाग येते म्हणतो. त्या दिवशी कुठले दोन संघ होते ते मी लिहीत नाही. दगड कुठल्या बाजूनं आला हे त्यालाही माहीत नाही, आणि ज्यानं मारला त्यालाही कुणाला लागला हे माहीत नसणार.

ह्या वाटेनं पुढं गेलं की काय होतं ते कलकत्त्यानं बघितलंय. मोहन बागान १८८९ चा क्लब, ईस्ट बंगाल १९२० चा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ह्या दोघांच्या सामन्यात गॅलरीत दंगल उसळली आणि सोळा माणसं मेली. खेळ बघायला गेलेली सोळा माणसं. तेव्हापासून तिथं त्या तारखेला रक्तदान करतात. आमच्या तालमीही रक्तदान शिबिरं घेतात. चांगलंच आहे. पण रक्त सांडायच्या आधी दिलेलं बरं.

आणि ही पोरं वाईट आहेत असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं सगळं गिळलं होतं. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्यात होती. आमच्या वाडीतली जनावरं टेकावर आणि माणसं शाळेच्या माडीवर. तेव्हा चपात्या, पाण्याच्या बाटल्या, औषधं घेऊन शहरातनं पोरं आली ती तालमींचीच. त्यातल्या दोघांच्या अंगावर एकमेकांच्या कट्टर विरोधी संघांचे टी-शर्ट होते. एकानं दुसऱ्याच्या कमरेला दोर बांधला आणि तो पाण्यात उतरला. दोर धरणाऱ्यानं तो सोडला नाही. चार महिन्यांनी हंगाम सुरू झाला, तेव्हा हीच दोघं गॅलरीच्या दोन टोकांना बसून एकमेकांच्या नावानं बोंबलत असणार. बोंबलू देत की. त्याला माझी हरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच. कुस्तीत पैलवानाचा एक वस्ताद असतो. शागिर्दानं मैदानात आगळीक केली तर लोक वस्तादाला विचारतात, "हेच शिकवलंस काय?" आणि वस्ताद मान खाली घालतो. चेंडू खेळणाऱ्याला प्रशिक्षक आहे, पंच आहे, लाल कार्ड आहे. गॅलरीत बसणाऱ्याला मात्र कुणी वस्ताद नाही. तो तालमीचं नाव घेऊन ओरडतो, तालमीचा झेंडा नाचवतो, आणि दगड मारताना एकदम कुणाचाच नसतो. प्रत्येक तालमीत भिंतीला जुन्या वस्तादांचे फोटो टांगलेले आहेत. त्यांच्या जागी आज जी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी सामन्याला पाहुण्यांच्या खुर्च्यांवर न बसता आपल्या पोरांत जाऊन बसावं. पोरगं ज्या माणसाच्या हातनं प्रसाद घेतं, त्याच्या देखत दगड उचलत नाही. हे मी खेड्यातल्या जत्रांत चाळीस वर्षं बघत आलोय.