डोळा जागा, दुखणं झोपलेलं

धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझ्या तिरळ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी १९ वर्षांचा होतो. शाळेत ‘चकण्या’ ऐकून कान किटले होते, त्यामुळे भीती कमी अन् घाई जास्त. पण डॉक्टर म्हणाले, “सकाळी पूर्ण भूल देऊ. संध्याकाळी तू जागा असताना टाका ओढून डोळा नीट जुळवू.” पोटात गोळाच आला. जागेपणी?

मग या जागेपणाचा इतिहास शोधला.

२६ ऑक्टोबर १८३९, बर्लिन. सर्जन डिफेनबाखने सात वर्षांच्या एका मुलाचा नाकाकडे वळलेला डोळा सरळ करायला त्याचा आतला स्नायू कापला. भुलेविना. ईथरचं गाजलेलं प्रात्यक्षिक बोस्टनला झालं १८४६ मध्ये, सात वर्षांनी. त्या पोराचं वय आठवलं की माझी तक्रार मला लहान वाटते.

ईथर, क्लोरोफॉर्म आलं, पेशंट झोपू लागले. पण झोपलेला डोळा खोटं बोलतो. भुलेत स्नायू सैल पडतात, टेबलावर सरळ दिसलेली नजर उठल्यावर पुन्हा तिरपी असू शकते.

१८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनचे थेंब प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले, टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श केला. काही कळलंच नाही! हायडेलबर्गच्या सभेत त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला, कारण याच्याकडे प्रवासाला पैसे नव्हते.

थेंबांनी वरचा भाग बधिर होतो, डोळा मात्र हलता राहतो. इंजेक्शनने बधिर केला तर स्नायूही लुळे पडतात, मग नजर जुळवायची कशी? थेंबांची अडचण वेगळी: स्नायू ओढला की आत दुखतं, मळमळतं, आणि हृदयाचे ठोके मंदावतात. ही गोष्ट १९०८ मध्ये आश्नर आणि दान्यिनी यांनी वेगवेगळी नोंदवली. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर मॉनिटरवरच असते. ठोके घसरले की सर्जनला पहिलं सांगणं एकच: ओढणं थांबवा.

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्थर जाम्पोल्स्कींनी सरकगाठीचा टाका रुळवला. पेशंट शुद्धीवर आला की गाठ सैल-घट्ट करायची. आता काही ठिकाणी सगळं एकाच बैठकीत होतं, थेंब आणि हलकी गुंगी देऊन. डेक्समेडेटोमिडिन हे औषध त्यासाठी वापरतात. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला आयसीयूसाठी परवानगी मिळाली होती. माणूस पेंगतो, पण हाक मारली की ‘ओ’ देतो, श्वासही फारसा दबत नाही. गुंगी जास्त झाली तर मात्र तीच जुनी गोची: डोळा पुन्हा खोटं बोलतो.

माझं काय झालं? संध्याकाळी थेंब टाकले, समोर दिवा धरला. ओढ जाणवली, कपाळाला घाम फुटला.

“किती दिवे दिसतात?”

“दोन.”

थोडी ओढ.

“आता?”

“एक.”

डॉक्टरांनी गाठ पक्की केली अन् आईला आत बोलावलं.